सात आण्यांची गारपीट

आमच्या घरात कुठलीच गोष्ट सोळा आणे नव्हती. सकाळी गच्चीवरून खाली आली की बायको सांगायची, "धुकं दहा आणे, वारा दोन आणे, आणि दूधवाला यायचा आठ आणे. काल शिंकत होता."

मी म्हणायचो, "आणि माझा चहा?"

"तो दूधवाल्यावर आहे. त्याला विचारा."

आताच्या पोरांना आणा माहीत नाही म्हणून सांगतो. जुन्या रुपयात सोळा आणे असायचे. हिच्या लहानपणी गावात तलाठी पीक बघायला यायचा आणि औंदा आठ आणे पीक, दहा आणे पीक, असं सांगून जायचा. सोळा म्हणजे पुरं, आठ म्हणजे निम्मं. पुढं रुपया बदलला, आणे गेले, तलाठीसुद्धा पैशात बोलायला लागला. हिनं आणे सोडले नाहीत. पावसाला आणे, पाहुण्याला आणे, डाळ शिजायला आणे. एकदा मी टेंपोत माल भरून कळवणला निघालो आणि सांगितलं, संध्याकाळी जेवायला घरी येतो.

"किती आणे?"

"अगं, येतो म्हटलं ना."

"तुम्ही म्हटलं ते ऐकलं. टेंपोचं काय म्हणणं आहे?"

टेंपो वणीच्या पुढं बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड काळं करून घरी आलो तर म्हणाली, "चारच आणे धरले होते. तुमचं पीठ मळलंच नव्हतं." रागावली नाही, काळजी केली असंही दाखवलं नाही. भाकरी मात्र लगेच टाकली.

मी चौथी शिकलेला माणूस. नाशिकच्या द्वारका चौकातून टेंपो चालवण्यात जन्म गेला. ती गेल्यावर ग्रुपवरची मंडळी म्हणाली, काका, काकूंवर चार ओळी लिहा. मी म्हटलं, मला गोड लिहिता येत नाही. ते म्हणाले, काकू कुठं गोड बोलायच्या. हे पटलं, म्हणून लिहायला बसलो.

ग्रुप म्हणजे काय ते सांगतो. नाशिकमध्ये आभाळाचं वेड असलेली बरीच माणसं आहेत. कुणी द्राक्षबागवाला, कुणी कॉलेजात शिकवणारी बाई, पंचवटीत नदीवर विधी करणारे एक गुरुजी, आणि एक इंजिनिअर पोरगा, जो मुली दाखवायला नेलं तरी खिडकीतून ढग बघायचा. ही सगळी मोबाईलवर एकत्र. रोज सकाळी ज्यानं त्यानं आपापल्या गच्चीवरची थंडी मोजायची आणि फोटो टाकायचा. हिवाळ्यात अवकाळीची हूल उठली की यांचं जेवणखाण बंद. नकाशे बघायचे आणि भांडायचं.

ही त्यात शिरली कुरडयांमुळं. आमच्या गच्चीवर ती उन्हाळ्यात ऑर्डरीच्या कुरडया घालायची. एके दिवशी टीव्हीवरच्या माणसानं सांगितलं, हवा कोरडी राहील. हिनं सगळा चीक घालून टाकला आणि दुपारी सरीवर सर. कुरडयांची खीर झाली. दुसरी बाई असती तर पावसाला शिव्या घातल्या असत्या. ही त्या टीव्हीवरच्या माणसावर चिडली. "कोरडी म्हणाला. कोरडी म्हणजे किती कोरडी? बारा आणे म्हणाला असता तर मी निम्म्याच घातल्या असत्या." आठवडाभर हेच. मला वाटलं उतरेल. उतरलं नाही, वाढलं.

द्राक्षाच्या लाकडी पेट्यांच्या पट्ट्या आणून तिनं गच्चीवर एक पेटी उभी केली. वारा जावा पण ऊन लागू नये अशी, चार पायांवर, छातीइतकी उंच, पांढरा रंग दिलेली. आत तापमापक. बघणाऱ्याला वाटायचं कबुतरांचं घर आहे. सकाळी माझा जुना खाकी स्वेटर घालून, कानटोपी ओढून वर जायची. पेटीचं दार उघडायच्या आधी श्वास धरायचा. पारा वाचायचा, फोटो काढायचा, दार लावायचं, मग श्वास सोडायचा. माणसाचा श्वास गरम असतो, पारा चढतो, असं तिचं म्हणणं. गुरुजी म्हणाले, "ताई, एवढ्याशा फुंकरीनं काय होतंय?" ही म्हणाली, "तुमच्या मंत्रात एक शब्द गाळला तर काय होतंय?" गुरुजीही तेव्हापासून श्वास धरायला लागले, असं ते स्वतः सांगतात.

एका हिवाळ्यात तिच्या पेटीनं कमाल केली. सगळ्या शहरात आमच्या गच्चीवर सगळ्यात जास्त थंडी. इंजिनिअर पोरानं आकडा पुढं पाठवला, कुठल्याशा पेपरात आमच्या कॉलनीचं नाव आलं. काय सांगू, लोक बर्फात राहत असल्यासारखे वागायला लागले. शेकोटीभोवती फोटो काढले. कॉलनीच्या अध्यक्षानं तर हिचा सत्कार करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ही गच्चीवरून आली ती तोंड पाडून. शेजारच्या मावशींनी गोधडी धुतली होती आणि वाळत घालायला आमची पेटी बरी सापडली होती. ओली गोधडी पेटीवर रात्रभर, ही वर जायच्या आधी मावशींनी उचललेली, आतला पारा गारठणारच. हिनं आधी ग्रुपवर लिहिलं, "माझा त्या दिवशीचा आकडा धरू नका. गोधडीचा आहे." मग पेपरात फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "ताई, थंडी तर होतीच ना. कुणाचं काय जातं?"

"माझं जातं," ही म्हणाली.

सत्काराची शाल परत गेली. अध्यक्ष वर्षभर आमच्याशी बोलला नाही. मावशी मात्र अजून सांगतात, "माझ्या गोधडीचं पेपरात आलं होतं."

आता प्रज्ञाच्या लग्नाचं सांगतो, कारण बायको कशी होती ते तिथं कळतं.

प्रज्ञा आमच्या समोरच्या घरातली. तिचा बाप कचेरीत कारकून, सरळ माणूस, पण घाबरट. लग्न कॉलनीच्या मैदानावर, रविवारी दुपारी साडेबाराला. कापडी मांडव, त्याला झुंबरं, मोठं स्टेज. दिवस थंडीचे. आणि त्याच आठवड्यात ग्रुपवर धुमाकूळ सुरू झाला. अरबी समुद्राकडून ओल येणार, उत्तरेकडून गार वारा उतरणार. दोघं आपल्या डोक्यावर भेटले तर गारपीट. धुळ्याकडं भेटले तर आपल्याला नुसतं ढगाळ. एक नकाशा म्हणे नाशिक, दुसरा म्हणे धुळे. रोज सकाळी दोघं आपापली जागा बदलायचे.

बातमी प्रज्ञाच्या बापाच्या कानावर गेली. तो आमच्या दारात.

"काकू, रविवारी पाऊस आहे म्हणतात."

"तीन आणे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. "सहा आणे," ही म्हणाली. तिसऱ्या दिवशी नऊ. शनिवारी सकाळी सात आणे. तेव्हा तो पायरीवरच बसला.

"काकू, हात जोडतो. तुमचे आणे रोज बदलतात. हो का नाही तेवढं सांगा."

"आभाळ रोज बदलतंय. मी नुसती सांगतेय."

"आभाळ फाटलं तर माणसं कापडाखाली आहेत. म्हातारी आहेत, लेकरं आहेत. मांडव उडाला, स्टेज पडलं, कुणाला लागलं तर? आणि शाळेचा हॉल घेतला तर निम्मी माणसं बाहेर उभी राहतील. पोरीचं लग्न आहे, काकू."

त्याचं बरोबर होतं. तो बोलत असताना मलाच वाटलं, हिनं काहीतरी एक सांगून टाकावं आणि माणसाला मोकळं करावं.

तेवढ्यात इंजिनिअर पोरगा लॅपटॉप घेऊन आला. तिघं गच्चीवर गेली, मागून मी. पोरगा म्हणाला, "काकू, मी ग्रुपवर आणि कॉलनीत लिहून टाकतो की गारपीट नक्की होणार. लोक आण्यांनी हलत नाहीत. नक्की म्हटलं की हलतात. नाही आली तर चांगलंच झालं, कुणाचं नुकसान नाही."

"आणि पुढच्या वेळेला?" ही म्हणाली.

"पुढच्या वेळेचं पुढं."

"बाळा, मला एवढंच माहीत आहे की सात आणे आहे. त्याच्यावर नऊ आणे मी कुठून आणू? घरून घालू?"

पोरगा काही वेडा नव्हता. तो म्हणाला, "काकू, मागच्या वर्षी बागवाल्यांना आपण असंच जपून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. बागा झोडपल्या. आठवतं ना?"

हिला आठवत होतं. त्या गारा पडल्या तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. पेटीवर हात ठेवून पश्चिमेकडं बघत राहिली. मला वाटलं आता ही म्हणेल, लिही बाबा नक्की. आणि मी तिला काही बोललो नसतो. पण तिनं विचारलं, "दोन्ही नकाशे वेळ कुठली सांगतात?"

पोरानं बघितलं. "आली तर दुपारनंतर. त्यात दोघांचं एकमत आहे."

"सकाळी यायची किती?"

"सकाळी… एक आणा. फार तर दीड."

ही प्रज्ञाच्या बापाकडं वळली. "भाऊ, यायची का नाही ते मला माहीत नाही. पण सकाळी यायची नाही, हे जवळजवळ माहीत आहे. आपल्यात मुहूर्त नसतो. बुद्धवंदना काय आठ वाजताही होते."

आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, हे त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं. प्रज्ञाचा बाप म्हणाला, "म्हणजे सात आण्यांसाठी सगळ्यांना पहाटे उठवू?"

"ते तुम्ही ठरवा. पोरगी तुमची आहे."

त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि मालेगावकडं व्याह्यांना लावला. फोन स्पीकरवर. तिकडून आवाज आला, "व्याही, आभाय ते साफ शे. कशाले घाबरतस?" प्रज्ञाचा बाप म्हणाला, "सात आणे आहे." तिकडून विचारलं, "काय शे?" हा म्हणाला, "ते नंतर समजावतो. तुम्ही पहाटे निघा. नवरदेवाला स्वेटर घाला." घाबरट माणूस, पण त्या वेळी आवाज कापला नाही.

मग दिवसभर कॉलनीतली सगळी माणसं फोनवर. लग्न साडेबाराचं साडेआठला. बायकांनी हिला काय बोल लावले ते लिहीत नाही, त्यांतल्या बऱ्याच अजून आमच्याकडं हळद-साखर मागायला येतात.

रविवारी थंडी अशी की बॅन्डवाल्याची बोटं पिपाणीवर चालत नव्हती. नवरदेव सुटावर स्वेटर घालून उभा. प्रज्ञाची पांढरी साडी आणि तिच्यावर आजीची शाल. वंदना झाली, हार घातले, टाळ्या झाल्या. दहा वाजता लोक मसालेभात आणि जिलबी खात होते. पोटं नुकती उठलेली, तरी खाल्लं. अकराला पाठवणीसुद्धा झाली. मांडववाल्यानं झुंबरं उतरवली.

आणि साडेबाराला लख्ख ऊन पडलं. असं ऊन की मी स्वेटर काढला. ज्यांना निरोप पोचला नव्हता ते नटूनथटून मैदानावर आले, तर समोर आचारी पातेली घासतोय. त्यांच्यातला एकजण, द्वारकेला दुकान आहे त्याचं, सगळ्यांदेखत म्हणाला, "काय काकू, गारा कुठं आहेत? सरबतात टाकायला नेतो."

ही प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, तोंड पश्चिमेला. म्हणाली, "बसा. जिलबी शिल्लक आहे. गारांचं सांगता येत नाही."

लोक हसले. मला राग आला होता, हिला नाही. ती खरंच आभाळ बघत होती. तिला वाचायचं होतं काय होतंय ते.

चारच्या सुमारास ग्रुपवर फोटो आले. दिंडोरीच्या पलीकडं गारा पडल्या होत्या. बोराएवढ्या. आमच्याकडं चार थेंबही नाहीत. फोटो कॉलनीत फिरले आणि हसणारीच माणसं आमच्या दारात. "काकू, तुमचं बरोबर होतं बरं का." तेव्हा मात्र ही चिडली. "बरोबर नव्हतं. चूकही नव्हतं. सात आणे होतं." दार लावून घेतलं.

संध्याकाळी प्रज्ञाचा बाप आला. दिवसभराचा दमलेला, टोपी हातात. म्हटलं आता हा काय बोलतो. पोरीचं लग्न हिच्यामुळं भल्या सकाळी लागलं, अर्धे पाहुणे चुकले, आणि मैदान कोरडं. तो म्हणाला, "काकू, मला कुणी काही म्हणू द्या. सात आणे यायची म्हणजे नऊ आणे न यायची, हे मला शनिवारीच कळलं होतं. मी सात आण्यांसाठीच उठवलं सगळ्यांना. दुपारभर मी निवांत झोपलो."

बायको आत गेली आणि त्याच्यासाठी चहा टाकला. दुधाची पिशवी फोडताना मी तिचं तोंड पाहिलं. आमच्या लग्नात एवढी खूश नव्हती.

तिच्या दुखण्याचं थोडक्यात लिहितो. पोटात होतं. सगळे तिला सांगायचे, काही होत नाही, बऱ्या व्हाल. ती विचारायची, "सोळा आणे?" की माणूस पंख्याकडं बघायला लागायचा. ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टरीणबाई आली. हिनं तिलाही विचारलं, "किती आणे?" तिला आणे ठाऊक नव्हते, मी समजावले. ती खुर्ची ओढून बसली, कागद पुन्हा बघितले, आणि म्हणाली, "सहा, आजी. कदाचित पाच."

ती गेल्यावर बायको मला म्हणाली, "हुशार पोरगी आहे. कदाचित म्हणाली."

मी म्हटलं, "सहा म्हणजे कमी झाले गं."

"सहा काही कमी नसतात. पण दहाची तयारी ठेवायला पाहिजे."

ऑपरेशन होऊन घरी आली आणि पौषात कुरडया घालायला काढल्या. कुरडया उन्हाळ्याच्या. थंडीत गहू लवकर आंबत नाही, तर पातेल्याला गोधडी गुंडाळून ठेवली. मावशींचीच. शेजारणी म्हणाल्या, काकू, एवढ्या थंडीत? ही म्हणाली, "यंदा अलीकडं घेतल्या." त्यांना कळलं नाही. प्रज्ञाच्या बापाला कळलं. तो खाली मान घालून निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन सोऱ्या फिरवायला आला.

त्याच दिवसांत तिनं मला पेटी शिकवली. मी श्वास धरायचो आणि पारा सापडायच्या आतच सोडायचो. "टेंपोचा हॉर्न आहे का तो," म्हणायची. "हळू. आधी पाऱ्याला डोळा लावा, मग दार." पायऱ्या चढवत नव्हत्या तेव्हा खालून ओरडून विचारायची, किती? मी आकडा सांगायचो. "श्वास धरला होता का?" "धरला होता." "किती आणे?" मी म्हणायचो, "चौदा." "मग पुन्हा बघा."

दहा आणे आले. उन्हाळा लागायच्या आत गेली.

त्यानंतर पहिल्यांदा ग्रुपवर आकडा टाकला तेव्हा मी माझं नाव लिहिलं होतं. इंजिनिअर पोरानं लगेच लिहिलं, "काका, गच्चीचं नाव बदलू नका." मग मी लिहितो, काकूंची गच्ची. आणि आता त्या ग्रुपवर नकाशावाले, कॉलेजातल्या बाई, गुरुजी, सगळे आण्यांत बोलतात. तरुण पोरं विचारतात, आणा म्हणजे काय, तर गुरुजी समजावतात. तलाठी विसरला ते हिनं परत चालू केलं.

या हिवाळ्यात पुन्हा तसंच झालं. समुद्राकडून ओल, उत्तरेचा वारा, नकाशांची भांडणं. प्रज्ञाचा बाप आमच्या पायरीवर. आता त्याच्या धाकट्या पोराचं लग्न, तेच मैदान, तोच कापडी मांडव.

"काका, किती आणे?"

मी टेंपोवाला. मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. तोंडावर आलं होतं, अरे येतोय कशाला पाऊस, कर बिनधास्त. मी त्याला बसवलं आणि वर गेलो. पश्चिमेकडं बघितलं. इंजिनिअर पोराला फोन केला, दोन्ही नकाशांचं विचारलं. श्वास धरून पारा वाचला. वाचून झाला तरी जरा वेळ सोडला नाही. मग खाली आलो.

"पाच," म्हटलं. "सकाळी एक."

"बरं. मग सकाळी घेतो," तो म्हणाला आणि उठला. हो का नाही विचारलं नाही. हात जोडले नाहीत. पायऱ्या उतरतानाच त्यानं मोबाईल कानाला लावला.

मी दारात उभा राहून बघत होतो. चौथी शिकलेल्या माणसानं एका गच्चीवरून पाच आणे सांगितले आणि कारकून माणूस लग्नाची वेळ बदलायला निघाला. हे माझं नाही. हे तिनं कमावलेलं आहे, मी नुसता त्यातलं खातोय.

आता गारा आल्या का नाही, ते मला विचारू नका. पाच आणे होतं.